टायमर आणि खलबत्ता

शुक्रवारचं जेवण आटोपलं होतं. मचबूसची, मसालेदार मटण-भाताची, रिकामी परात अजून उचललीही नव्हती, तोवर लुलवाने पैज लावून टाकली. एस्प्रेसोचं मशीन आजपासून एक तर घरात येणार, नाही तर कायमचं इथेच, दिवाणियात राहणार.

मशीन तिच्या थोरल्या भावाचं, मुसाइदचं. चार वर्षं ते घरापासून अंगणापलीकडे, पुरुषांच्या या बैठकीत ठाण मांडून होतं. बायकांचे कप इथून अख्खं अंगण ओलांडून घरात पोचायचे, ते गार होऊनच. आईला तर या कॉफीवर साय धरल्यासारखा फेस असतो हेच ठाऊक नव्हतं. लुलवाला या गोष्टीचा मनस्वी राग होता.

"आत नेऊन करणार काय त्याचं?" मुसाइद म्हणाला. "नुसतं बटण दाबायचं काम नाही ते. धार सत्तावीस सेकंद म्हणजे सत्तावीस. आणि माझ्याकडे आता हा आहे."

त्याने खिशातून काडेपेटीएवढा टायमर काढून मशीनच्या अंगाला चिकटवला. पंप सुरू झाला की त्या थरथरीनेच टायमरचे आकडे धावायचे, थरथर थांबली की तेही थांबायचे.

"अठरा दिनार मोजलेत. डोळे मिटून कॉफी होते."

"मग मीट डोळे," लुलवा म्हणाली. "दोघं करू. निकाल आई देईल."

आईला मशीनकडे पाठ करून गादीवर बसवलं. आपल्या सुट्टीतल्या सगळ्या सकाळी, मुसाइद ऑफिसला गेला की लुलवा गुपचूप अंगण ओलांडून इथे येऊन सराव करत होती. तिच्याकडे टायमर नव्हता. ती धार बघायची. आधी खजुराच्या पाकासारखी काळसर, मग मधासारखी, आणि पिवळट पडू लागली की थांबायचं.

तेवढ्यात कोपऱ्यात टेकलेले काका उठले. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर पाहुणे येणार, म्हणजे अरबी कॉफीची तयारी हवी. त्यांनी पितळी खलबत्ता मशीनशेजारी त्याच लाकडी फळीवर ठेवला आणि वेलदोडे कुटायला घेतले. टण, टण, टण. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात असणार.

मुसाइदने कॉफी दाबून भरली, दांडा अडकवला, बटण दाबलं. लुलवाची नजर टायमरवर गेली आणि ती चमकली. पंप आत्ता सुरू झाला होता, पण आकडा नऊवर होता. खलबत्त्याच्या दणक्यांनी तो आधीच पळत सुटला होता. सत्तावीस दिसताच मुसाइदने ऐटीत धार तोडली.

आईने घोट घेतला. "यात लिंबू पिळलंय का?"

लुलवाने नुसतं तोंड मिटून धरलं असतं, तरी मशीन तिचं होतं. पण असली जीत तिच्या घशाखाली उतरेना.

"तुझा टायमर आधीच धावत होता," ती म्हणाली. "खलबत्त्यामुळे. धार नऊ सेकंद लवकर तुटली. पुन्हा कर."

मुसाइदचा चेहरा उजळला. "काका, अर्धं मिनिट थांबा ना."

"थांबा?" काकांचा हात चालूच होता. "हा आवाज म्हणजे आमंत्रण आहे. बंद पडला तर लोक म्हणतील, यांच्याकडे आज कॉफी नाही. तुझ्या डबीसाठी मी माणसं परत पाठवू?"

"मग टायमर हातात धरतो."

"हातात धरायचा, तर आपोआप कसला?" लुलवा म्हणाली. "घड्याळ काय वाईट होतं?"

ते त्याला झोंबलं. टायमर मशीनवरच ठेवून मनातल्या मनात वजाबाकी करत त्याने दुसरा कप काढला, हिशेब चुकला आणि धार पांढरी पडेपर्यंत वाहिली. आईने तोंड वाकडं केलं. "ही जळली."

आता लुलवा. टण, टण चालूच होतं. तिने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. पाक, मध, आणि पिवळट कड दिसताक्षणी बटण.

आईने घोट घेतला. पुन्हा घेतला, आणि कप तळापर्यंत रिकामा करून वरच्या ओठाचा फेस बोटाने पुसला.

"ही कुणाची?"

लुलवाला रडू आणि हसू एकदमच आलं.

मशीन उचलून आत नेताना मुसाइद धुसफुसत टायमर काढू लागला. लुलवाने त्याचा हात धरला. "तो राहू दे."

"आत्ताच तर नावं ठेवत होतीस त्याला."

"इथे तो कुचकामी आहे. आत कोण खलबत्ता बडवतंय?"

पाहुणे आले, आणि त्यांतल्या दोघांना एस्प्रेसोच हवी होती. मुसाइदला आतल्या दारावर टकटक करावी लागली. टायमर सत्तावीसवर थांबला आणि लुलवाने दोन कप तबकात ठेवून दिले. तो अंगण ओलांडून गेला आणि तसाच भरले कप घेऊन परत आला.

"गार झाली."

"टायमरवर किती आहेत बघ."

"सत्तावीस."

"मग कॉफीत खोट नाही," लुलवा म्हणाली. "अंगण लांब आहे."