माझ्या जागी आलेला सोनेरी शॉकअप

मित्रांनो, मी एक जुना शॉकअप आहे. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या दोन नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. तोच मी. खड्डा आला की आत दबायचे आणि पुन्हा वर यायचे, म्हणजे चालवणाऱ्याच्या हातांना हिसका बसत नाही. हेच माझे काम होते. आता ते काम दुसरा करतो, आणि खरे सांगायचे तर मला तो अजिबात आवडत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या नळ्यांना आरशासारखी चकाकी दिली गेली, पोटात तेल भरले गेले आणि वर रबराची सील बसवली गेली. पुढे एका मोटारसायकलला लागून मी बदलापूरला कात्रपमध्ये राहणाऱ्या देवदत्त यांच्याकडे आलो. ते आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. त्यांची पत्नी शीला अंबरनाथच्या एका दवाखान्यात परिचारिका. रोज सकाळी देवदत्त शीलाताईंना मागे बसवायचे, दवाखान्यापाशी सोडायचे आणि पुढे कंपनीत जायचे. एमआयडीसीच्या रस्त्यावर अवजड गाड्यांनी पाडलेले खड्डे मी मुकाट्याने गिळायचो. देवदत्त सोबतच्या कामगारांना सांगायचे, की माझी गाडी पुढून लोण्यासारखी चालते. ते ऐकून मी आणखी हलका होऊन पळायचो.

पण मित्रांनो, कौतुक वेगळे आणि काळजी वेगळी. इंजिनाचे तेल बदलले जायचे, चेनला वंगण मिळायचे, टाकी तर रोज पुसली जायची. माझ्या पोटातले तेल काळे पडले, तरी त्याची आठवण कुणाला झाली नाही. धुळीने सील फाटली. नळ्यांवर गंजाचे बारीक खड्डे पडले. तेल गळून गेले आणि मी आतून कोरडा झालो. मग रस्त्याचा प्रत्येक हिसका थेट देवदत्तांच्या मनगटात जाऊ लागला. प्रेस मशीनने ती मनगटे आधीच थकलेली होती. तळहात बधिर व्हायचे. एकदा कात्रपजवळच्या गतिरोधकावर त्यांची पकड सुटली आणि दोघेही पडले. शीलाताईंचे कोपर सोलवटले, बाकी काही झाले नाही. पण देवदत्तांनी गाडीवर कापड टाकले ते टाकलेच. ते कंपनीच्या बसने जाऊ लागले, शीलाताई शेअर रिक्षाने. गाडी विकून टाकू, असे ते जेवताना म्हणायचे आणि ताटातला भात चिवडत बसायचे, हे मला नंतर ऐकून कळले.

त्यांची मुलगी पायल हे पाहत होती. तिने डिप्लोमा केला होता आणि ती एका कारखान्यात यंत्रांची चाचणी घ्यायची. बाबांच्या हातांची तक्रार तिने डॉक्टरांकडून नीट समजून घेतली होती. हिसके बसले नाहीत तर गाडी चालवायला हरकत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तिने इमारतीच्या पार्किंगमध्ये, घरच्या घरीच, माझ्या जागी जाड नळ्यांचा नवा शॉकअप बसवायचे ठरवले.

तो आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिले. सोनेरी रंग, माझ्यापेक्षा दणकट बांधा. शीलाताईंच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून त्याला घरात ठेवले. मी इतकी वर्षे पार्किंगमध्येच काढली होती, घराचा उंबरा कधी पाहिला नव्हता. शेजारचे लोक त्याला बघायला येत. गाडीवर मीच असताना त्याला खाली आणून माझ्यासमोर त्याचे फोटो काढले जात. माझ्या आत तेल उरले नव्हते, तरी काहीतरी उकळत होते.

सुट्टीच्या दिवशी पायलने गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिनाखाली जॅक लावला, चाक, मडगार्ड, हँडल सगळे उतरवले आणि मला खाली ओढून काढले. पण नवा काही बसेना. शॉकअपच्या दोन नळ्यांना जोडणारा आडवा तुकडा असतो, त्यातून एक दांडा निघतो आणि तो गाडीच्या मानेत बसतो. त्यावरच हँडल वळते. नव्याचा दांडा आखूड होता. मला वाटले, संपले, आता मलाच परत घेतील.

पायलने आम्हा दोघांनाही रिक्षाने उल्हासनगरला मुकेशभाईंच्या वर्कशॉपमध्ये नेले. तो तिच्या मांडीवर होता, मी पायांपाशी. मुकेशभाईंनी आम्हाला मोजून पाहिले.

"बेटा, इसका दांडा निकालके नये में प्रेस करना पडेगा," ते म्हणाले. "लेकिन फिर ये पुराना वापस नहीं लगेगा."

पायलने माझ्या गंजलेल्या नळीवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "करो, भाई."

मित्रांनो, माझी जागा गेली होती, तोवर मी सहन केले. पण माझ्याच अंगातला दांडा काढून त्याच्या अंगात बसवला, तेव्हा माझ्याजवळ द्यायला काही उरले नाही आणि त्याच्याजवळ सगळेच आले.

पार्किंगमध्ये परत आल्यावर तो गाडीवर चढला. शीलाताई उभ्या राहून बघत होत्या. देवदत्तांना बोलावले. ते आढेवेढे घेत गाडीवर बसले आणि हँडल वळवू लागले, तर ते जड. दोन्ही हातांनी ढकलावे लागत होते. मला मनापासून आनंद झाला. देवदत्त उतरले आणि म्हणाले, "राहू दे, पायल. जुनाच बसव."

हेच शब्द ऐकायला मी तळमळत होतो. पण तेव्हाच मी त्यांचे हात पाहिले. एवढ्याशा जोराने त्यांची बोटे वाकडी झाली होती आणि ते एका हाताने दुसऱ्या हाताची बोटे सरळ करत होते. माझा आनंद जागच्या जागी विरला.

पायलने विचारले, "जुना बसवता आला असता, तर तुम्ही गाडीवर बसला असतात?"

देवदत्तांनी बाजूला पडलेल्या गाडीच्या कापडाकडे पाहिले.

"मग मला हे पूर्ण करू द्या, बाबा."

ती खाली बसली. मानेजवळचा नट तिने जास्त आवळला होता. पान्याने तो जरासा सैल केला, हँडल अलगद फिरू लागले. देवदत्त पुन्हा बसले आणि हळूहळू गेटबाहेर गेले. पायल पाना हातात घेऊन रस्त्याकडे बघत उभी होती. बऱ्याच वेळाने गाडी परत आली. ते उतरले, मुठी उघडून मिटून पाहिल्या, पुन्हा उघडल्या. मग म्हणाले, "शीला, उद्या सकाळी रिक्षाने जाऊ नकोस. मी सोडतो."

शीलाताईंनी आधी त्यांचे हात आपल्या हातात घेऊन पाहिले, मगच मान हलवली.

आता मी पार्किंगच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून असतो. दांडा नाही, त्यामुळे कोणत्याही गाडीला मी लागणार नाही. रोज सकाळी तो सोनेरी माझ्यासमोरून त्या दोघांना घेऊन जातो आणि रोज मला त्याचा हेवा वाटतो. तो काही केल्या कमी होत नाही.

तरीही, मित्रांनो, एक मागणे आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. परवा मी पाहिले, त्याच्या नळीवर चिखल वाळला होता आणि कुणी पुसला नव्हता. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर चाकाजवळच्या नळ्या फडक्याने पुसत जा. तेल वेळेवर बदलायला सांगा. आणि कधी कात्रपला आलात, तर त्या सोनेरी शॉकअपवरचा चिखलही तेवढा पुसून टाका. देवदत्तांचे हात आता त्याच्या भरवशावर आहेत.