डाव्या हातातला गज

पट्टी सुटली त्या दिवशी ठकीने डावा हात खिडकीशी नेला आणि उजेडात उलटसुलट करून पाहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही खालच्या पेरापासून गेलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिहिता हात शाबूत राहिला, नशीब समज."

ठकीने मान डोलावली. पण ती चेलो वाजवायची. दोन पायांच्या मध्ये उभा धरायचा तो भलाथोरला व्हायोलिनचा दादा. त्याच्यावर सूर धरतो तो डावा हात. उजव्याने तारांवरून गज ओढायचा. म्हणजे जे गेलं होतं, ते नेमकं कामाचं गेलं होतं.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एकदा बसवली की बाहुलीसारखी तिथेच बसून राहायची म्हणून आत्याने ठेवलेलं. शाळेत ते नाव तिच्या आधी पोचलं. त्या एका जागी बसण्याच्या गुणावरच वाद्यवृंदाच्या सरांनी पाचवीत तिला हेरलं होतं. बाकीची पोरं चुळबुळ करायची, ही तासभर एकच सूर घोटत बसायची.

अपघात अगदी साधा होता. बाबा फर्निचर पोचवायची व्हॅन चालवत. शाळेचा कार्यक्रम आटोपून चेलो व्हॅनमध्ये चढवला, तो कलंडायला लागला म्हणून ठकीने हात आत घातला आणि त्याच क्षणी बाबांनी मागचं लोखंडी दार लोटलं. दोष कुणाचाच नव्हता. पण तेव्हापासून बाबांच्या तोंडून 'चेलो' हा शब्दच हद्दपार झाला. टीव्हीवर कुठे तंतुवाद्य वाजलं तरी ते उठून पाणी प्यायला जात.

शाळा सुरू झाल्यावर सरांनी तिला वाद्यांच्या खोलीत बोलावलं. बिचारे आधीच घसा खाकरून बसले होते.

"हे बघ, तू आपल्यातच राहायचंस. तालाच्या बाजूला ये. मोठा ढोल आहे, झांजा आहेत..."

"सर, मी हात बदलले तर?"

"म्हणजे?"

"सूर उजव्या हाताने धरीन. गज डाव्याने."

सर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण त्यांनी कपाळ मात्र चोळलं. "अगं, तारा उलट्या लावाव्या लागतील. तारांखालची घोडी नवी कोरावी लागेल. आतली दांडीसुद्धा हलवावी लागेल. शाळेचं चांगलं वाद्य मी असं उलटंपालटं कसं करू? आणि इतक्या वर्षांचं शिकलेलं सगळं पुसून..."

"तो कपाटामागचा तडकलेला आहे ना?"

तो चेलो तिथे कित्येक वर्षं पडून होता. पाठीला भेग, मानेवर कुणीतरी पेनाने काढलेलं मांजर. सरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. महिन्याभरात पोरगी आपणहून कंटाळेल, मग झांजा आहेतच, असा त्यांनी मनाशी हिशोब केला असावा. सुट्टीच्या दिवशी बसून त्यांनी भेग सांधली, तारा उलट्या क्रमाने चढवल्या आणि वाद्य तिच्या स्वाधीन केलं.

पहिल्या दिवशी त्यातून जो आवाज निघाला, त्याने खालच्या मजल्यावरच्या काकू वर विचारायला आल्या, नळ दुरुस्त होतोय का म्हणून.

डाव्या हाताला गज पेलवेना. करंगळी गजाला मागून तोलून धरते, आणि तीच नव्हती. गज तारेवरून घसरून घोडीवर जायचा, किर्र करून कळवळायचा. उजव्या हाताची बोटं तर ठोंब्यासारखी. डोक्याला सूर ठाऊक, कानाला ठाऊक, बोटांना काही केल्या पत्ता लागेना. ज्या धुना तिने झोपेत वाजवल्या असत्या त्या आता अक्षर अक्षर लावून वाचाव्या लागत होत्या. कधी कधी तिला गज भिंतीवर हाणावासा वाटे. मग ती तो खाली ठेवी, तळहात मांडीवर पुसी आणि पुन्हा उचली.

आई लोकांचे केस कापायची. स्वतः डावखुरी, आणि उमेदवारीच्या काळात उजव्या हाताच्या कात्रीवर शिकलेली. ती दारात उभी राहून ऐके.

"दुखतंय?"

"दुखत नाहीये. राग येतोय."

"राग आला तर चालेल. मलाही यायचा. गिऱ्हाइकाच्या कानाला मात्र जपायचं." आणि ती आत निघून जाई.

शेवटी ठकीने स्वतःच ठरवलं आणि सरांना सांगितलं, "मला पाचवीच्या वर्गात बसू द्या."

शिकाऊ मुलांचा तास शाळा सुटल्यावर असे. ठकी नववीत, त्यातून उंच. ती चिमुरड्यांच्या रांगेत बसली की कोंबड्यांत शहामृग आल्यासारखं दिसे. उघड्या तारेवर सरळ गज, चार मोजायचे, परत. एका फावड्या दातांच्या पोरीने पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, तू नापास झालीस का?"

"हो," ठकी म्हणाली. "पार खालच्या वर्गात घातलंय."

"मग माझं बघ. मला जमतं," असं म्हणून त्या पोरीने तिला गज कसा धरायचा ते अगदी गंभीरपणे दाखवलं. वर्गमैत्रिणी दारातून डोकावत, खिदळत. ठकीचे कान लाल होत. पण ती उठली नाही. पाचवीची मुलं पाहुण्यांसमोर वाजवण्याइतकी तयार झाली, तेव्हा तीही तयार झाली. मुलं एक पान पुढे गेली, तेव्हा ठकी दोन पानं. सरांनी झांजांचं नाव काढणं सोडलं आणि तास संपल्यावर तिच्यासाठी थांबायला सुरुवात केली.

घरी ती वाजवायला बसली की बाबा किल्ली उचलून खाली जात आणि बंद व्हॅनमध्ये बसून राहत. खिडकीतून ते दिसत, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी जागच्या जागी.

वरच्या वर्गांच्या वाद्यवृंदात जायचं तर परीक्षा असे. ती घेत तो वाद्यवृंद चालवणाऱ्या मॅडम, कडक म्हणून गाजलेल्या. पडदा लावून, त्यामागून ऐकत. मूल कोण, कुणाचं, काही कळू द्यायचं नाही, नुसता क्रमांक. परीक्षा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या सभागृहात होती. चेलो न्यायचा म्हणजे व्हॅन हवी.

"टॅक्सी बघू," बाबा म्हणाले, वर्तमानपत्रातून मान वर न करता.

"टॅक्सीत मावत नाही. बाबा, तुम्ही चला."

"आई येईल ना बरोबर."

"आईला व्हॅन चालवता येत नाही."

खाली उतरल्यावर चेलो तिनेच मागे ठेवला, पट्ट्याने बांधला. बाबा दोन पावलं लांब उभे. हात खिशात.

"दार लावा," ठकी म्हणाली.

"तू लाव."

"नाही. तुम्ही लावायचं. मी इथे बाजूला उभी आहे. हे बघा, दोन्ही हात." तिने दोन्ही हात वर करून दाखवले, सगळी बोटं पसरून, होती तेवढी.

बाबांचा चेहरा पिळवटला. किती तरी वेळ ते दाराला हात लावून नुसते उभे होते. मग त्यांनी ते सावकाश, अगदी तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसं लोटलं. खिट्टी लागल्यावर तिथेच दाराला कपाळ टेकवलं. ठकी शेजारी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने बाबांनी बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाले, "चल, उशीर होईल."

ती नापास झाली.

पडद्यामागून मॅडमचा आवाज आला, "सूर कच्चे आहेत. गजाची मधली ओढ छान आहे, पण टोकाशी गज थरथरतो. पुढच्या सत्रात या. पुढचा क्रमांक!"

बाहेर आई-बाबा तिचं तोंड पाहून बावरले, कारण ती जवळजवळ हसत होती.

"झालीस पास?"

"छे! कच्चे आहेत म्हणाल्या. थरथरतो म्हणाल्या." तिने धापा टाकत सांगितलं. "आई, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी नुसतं ऐकलं." त्या अपघातानंतर पहिल्यांदाच कुणीतरी तिची कीव न करता तिला नापास केलं होतं.

पुढचं सगळं सत्र तिने गजाच्या टोकावर घालवलं. थरथर थांबावी म्हणून सरांनी गजाच्या मुठीला चामड्याचा एक जाड वळसा घालून दिला. करंगळी नाही, तर तळव्याचा काठ त्यावर टेकायचा. बाबा आता व्हॅनमध्ये जात नसत. स्वयंपाकघरात बसत, आणि ती थांबली की विचारत, "का गं थांबलीस?"

दुसऱ्या वेळी पडदा सरकला. मॅडम बाहेर आल्या, तिच्या हातांकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. "उलट वाजवतेस होय," एवढंच म्हणाल्या. "शेवटच्या जोडीत बसशील. सोमवारी ये."

सोमवारी नवीच भानगड. दोघांत मिळून स्वरलिपीची पानं ठेवायची एकच घोडी, आणि जोडीदारीण होती एक बडबडी अकरावीतली. ती बाहेरच्या खुर्चीत, ठकी आतल्या. बडबडीचा गज उजवीकडे यायचा, ठकीचा डावीकडे. पहिल्याच ओळीत दोन्ही गज तलवारींसारखे खणाखण भिडले. पोरं हसली. दुसऱ्यांदा भिडले, तेव्हा मॅडमनी हात खाली घेतले.

"असं चालायचं नाही. काय करायचं?"

"मला बाहेरची खुर्ची द्या," ठकी म्हणाली. "माझ्या डावीकडे मग कुणी नसेल."

"ती प्रेक्षकांच्या बाजूची आहे. सगळे गज एकीकडे आणि तुझा एकटीचा दुसरीकडे. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसेल. तुझा हातही."

"दिसू दे."

बडबडी आधीच उठली होती. "घे बाई ही खुर्ची! पानं मी उलटते. तू फक्त माझं डोकं वाचव."

मॅडमनी क्षणभर विचार केला, मग ताल द्यायची काठी उचलली. "बदला जागा. पुन्हा पहिल्यापासून."

वार्षिक कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. पडदा वर गेला तसे दोन-चार लोक एकमेकांना कोपराने डिवचून तिच्याकडे बोट दाखवताना ठकीला स्पष्ट दिसले. तिने गज तारेवर टेकवला. मग मॅडमचा हात वर गेला आणि बघायला वेळच उरला नाही. मधल्या भागात बाकी सगळी वाद्यं थांबत आणि चेलो एकटे पुढे चालत. तिथे ती पोचली तेव्हा चामड्यावर तळवा घट्ट टेकलेला होता, गज टोकापर्यंत सरळ गेला, आणि शेजारच्या सगळ्या चेलोंच्या आवाजात तिला स्वतःचा आवाज वेगळा काढता येईना. तेच तर हवं होतं.

टाळ्या वाजल्या, सगळे उभे राहिले. घरी जाताना बाबा गाडी चालवता चालवता एकसारखे बोलत होते. कुणाला किती आवडलं, शेजारचे गृहस्थ काय म्हणाले. ठकी खिडकीबाहेर बघत होती.

"शेवटून दुसऱ्या ओळीत माझा सूर खाली घसरला," ती म्हणाली.

"कुणाला कळलं?" आईने विचारलं.

"मला कळलं."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. खालच्या काकूंना सकाळीच पुन्हा तीच एक ओळ ऐकू यायला लागली.