वजनाच्या झोळीतली काजल

मुकेश आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. त्यानं दारात सायकल लावून सांगतलं का डॉक्टरीच्या कॉलेजात जुन्या डॉक्टरायचा मेळावा हाय, शनिवारी तिकडे भाषणं, अन् रविवारी ते सारे बस करून आपलं गाव पाहाले येऊन राह्यले. मी भाकरी टाकत होती. म्हटलं, गावात काय पाहाचं त्यायले, गाव काय पळून गेलं? तो म्हणे, काकू, तुमची डॉक्टरीणबी येते त्यात. तव्यावरची भाकरी करपली अन् त्याचाच वास घरभर झाला.

आमची डॉक्टरीण म्हणजे काय, ते आधी सांगतो. त्या कॉलेजाची एक रीत हाय. दरवर्षी नवीन आलेल्या पोरापोरींले एक गाव देते. पहिल्याच वर्षी ते गावच्या शाळेत येऊन राह्यते, अन् एकेकाच्या वाट्याले चार-पाच घरं येते. मंग शिकून होईपर्यंत त्या घरायले त्यायनंच पाहाचं. महिन्याच्या महिन्याले यायचं, लेकरायचं वजन करायचं, डोस द्यायचे, म्हाताऱ्यायचा रक्तदाब पाहाचा. आमचं गाव हिंगणीच्या अलीकडे, धरणाच्या वाटेवर. आमच्या वाट्याले आली ती जया. पुण्याची पोरगी, चुलीजवळ बसली का खोकू-खोकू हैराण. आमच्या आंगणाले लागून नलूचं घर, आंगण दोघींत एकच, म्हून नलूच्या घरचीबी तीच डॉक्टरीण. रूपरावाच्या घरी एक जाड चष्म्याचा पोरगा आलता, तो सुई पाहून स्वतःच घामाघूम होये. तं आम्ही दोघी लय तोऱ्यात राहो, आमची डॉक्टरीण साऱ्यात चांगली म्हून.

त्याच वर्षी मले काजल झाली अन् नलूले प्रेरणा. जया आली का आंगणातल्या निंबाच्या फांदीले काटा टांगे. त्या काट्याले कपड्याची झोळी, अन् झोळीत लेकरू. तिच्या बापानं तिले कॅमेरा दिलता. एक दिवस तिनं फोटोबी काढले. म्हणे धुऊन आणते. आणले नाई, आम्ही मागतले नाई. त्यावक्ती फोटोची एवढी किंमत कोणाले होती?

काजल मंग नर्स झाली. वर्ध्याले नोकरी, बोरगाव मेघेत मैत्रिणींसंगं खोली. आठवड्याच्या सुट्टीले स्कूटीनं घरी येत होती. मागच्या पोळ्याच्या आधी अशीच येऊन राह्यली होती, तं सेलूच्या रस्त्यावर टिप्परनं उडवली. जागीच गेली. यापेक्षा जास्त मले त्याच्यावर बोलता येत नाई, अन् तुम्ही विचारूबी नका.

तिचे मोठेपणचे फोटो लय हायेत. स्कूटीवरचा, नर्सच्या कपड्यातला, मैत्रिणीच्या लग्नातला. भिंतीवर लावला हाय एक, हार घालून. पण ती गेल्यावर काई महिन्यानं मले एक समजलं, अन् ते मी कोणाले सांगतलं नाई. काजलचं तान्हेपणचं तोंड मले आठवत नाई. तिले पाजल्याचं आठवते, हातातलं वजन आठवते, तोंड नाई. डोळे मिटले का ती स्कूटीवरचीच दिसते. आई असून आठवत नाई, हे कोणत्या तोंडानं सांगू? घरात तिचा लहानपणचा एक फोटो नाई. शाळेत नाव टाकाच्या आधी आमच्या घरच्या लेकराचा फोटो कोणी काढलाच नव्हता, त्या जयाशिवाय.

म्हून मी मुकेशजवळून नंबर घेतला अन् जयाले फोन लावला. काजल नर्स झालती अन् आता गेली म्हून सांगतलं. मंग ती रडली. समोरचं माणूस रडलं तं मी रडत नाई, मले राग येते, पण तिच्या रडण्याचा राग आला नाई. मी म्हटलं, बाई, तुम्ही तो फोटो काढलता, वजन करताना. तो असन तं मले द्या. दुसरं काई नको. ती म्हणे, प्रमिलाबाई, सारं घर पालथं घालते.

शनिवारी कॉलेजवाल्यायनं आम्हाले न्याले गावात बस पाठवली. काजलचे बाप आले नाई. त्यायचं नाव घेऊ नये, पण तुम्हाले समजावं म्हून घेतो, तानबा. पोरगी गेल्यापासून ते गावाबाहेर निघतच नाई. रडलेबी नाई एकदाबी, नुसते दगडावानी बसून राह्यते. मंग मी अन् नलू दोघीच गेलो. केस पिकलेले, पोटं सुटलेले डॉक्टर एकमेकायच्या पाठीवर थापा मारून राह्यले, अन् नावं तीच पोरपणची, जाड्या काय अन् काळ्या काय. त्यायले कॉलेज दाखवत फिरवत होते, अन् संगं आम्हालेबी. ही मेस, ही प्रयोगशाळा, हे नवीन वॉर्ड. एक बाई तं जुन्या होस्टेलच्या भिंतीले हात लावून रडली. मले वाटलं, भिंतीले रडाले सुचते, लय सुखी दिसते.

मंग मोठ्या हॉलात बसवलं. पाहुण्यायले सुताचे हार घातले. एक जण अमेरिकेतून आलता, तो इंग्रजीत बोलला अन् थांबेचना. नलूले झोप लागली, मी कोपर मारून उठवलं. त्याच्यानंतर जया उभी राह्यली. अजून तशीच बारीक, फक्त केस पांढरे. तिनं मराठीत सांगतलं, मी यांच्या गावात जे शिकले ते पुस्तकात नव्हतं. मंग म्हणे, एक मुलगी होती, पहिल्या महिन्यात वजन इतकं कमी की मला वाटलं जगणार नाही. ती जगली, मोठी झाली, नर्स झाली, लोकांच्या उपयोगी पडली. आज ती नाही. तिची आई समोर बसली आहे. अन् मागच्या पडद्यावर फोटो आला.

पडद्यावर भिंतभर झोळी होती, झोळीत लेकरू. गाल वर करून हसत होतं. झोळीले खालून एका बाईचा हात लागला होता, अन् मनगटावर गोंदण, मधात फूल अन् दोन बाजूले ठिपके. ते गोंदण नलूचं. आजही तिच्या हातावर हाय, माह्या मांडीजवळच तो हात होता. झोळीतली पोरगी प्रेरणा होती.

अन् गोंदण नसतं तरी मी ओळखलं असतं. माई काजल झोळीत ठेवली का गाव गोळा करे, इतकी रडे. जया काटा वाचाच्या आधीच मले तिले उचलून घ्यावं लागे. ती त्या झोळीत हसली नाई, एकदाबी.

साऱ्या हॉलानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. नलूनं माह्याकडे पायलं अन् लगेच खाली पायलं, तिलेबी समजलं. तिनं आपला हात पदराखाली घेतला.

भाषण झाल्यावर जया पळतच आली अन् माह्या गळ्यात पडली. म्हणे, सापडला हो, माळ्यावरचे सगळे खोके काढले. उद्या फ्रेम करून घरी आणते. आता एवढ्या मायेनं आलेल्या बाईले मी काय सांगू? मी फक्त विचारलं का अजून होते का फोटो. ती म्हणे, बाकी रोल खराब झाला, एवढा एकच वाचला. म्हटलं, बरं. मंग त्यायनं जेवाले बसवलं, अन् काय खाल्लं ते मले माहीत नाई.

रविवारी बस आली. डॉक्टरायनं डोक्यावर एकसारख्या टोप्या घातलेल्या. हँडपंपाजवळ फोटो, शाळेच्या पायरीवर फोटो, कवडूच्या गाईसंगं फोटो. ज्यानं त्यानं आपली घरं शोधली. रूपरावाच्या घरी तो चष्मेवाला गेला तं रूपरावच गेलेले, मंग तो सुनेशीच बोलत बसला. अन् आमच्या आंगणात जया आली, तिच्यासंगं तिचे सोबतीबी आले. नलूचं सारं घर दारात उभं. प्रेरणाबी होती. पहिलटकरीण हाय, सातव्यातच तिले माहेरी आणली. जयाले वाटलं असन कोणी सून हाय. तिनं नुसतं हसून पायलं.

जयानं पिशवीतून फ्रेम काढून काजलच्या बापाच्या हातात दिली.

त्यायनं ती दोन हातानं धरली. पहिले नुसतं पायलं. मंग अंगठ्यानं काचेवर त्या लेकराचा गाल पुसला. खाली बसले अन् रडले. एवढ्या महिन्याचं सारं रडले, लेकराले घेऊन बसावं तशी ती फ्रेम मांडीवर घेऊन. बाप माणूस दिवसभर वावरात, घरी आले तवा लेकरू झोपलेलं. त्यायनं काय ओळखावं? मी तिथंच उभी होती, अन् मले एकीकडून वाटे का बरं झालं बाप्पा, रडले एकदाचे. अन् दुसरीकडून वाटे का ओरडून सांगावं, ही नाई जी, ही आपली नाई.

तेवढ्यात जयाच्या सोबत्यानं झेंडूचा हार पुढं केला. त्यायनं येताना सेलूवरून आणला होता. काजलच्या बापानं डोळे पुसले अन् हार हातात घेतला, फ्रेमले घालाले.

मी नलूकडे पायलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिनं प्रेरणाचा दंड असा धरला का पोरगी वळून पाहू लागली, काय झालं म्हून. पोटुशी जिती पोरगी दारात उभी, अन् तिच्याच फोटोले हार. नलू मेली असती पण बोलली नसती.

मी त्यायच्या हातातून हार काढून घेतला. म्हटलं, "राहू द्या. तान्ह्या लेकराच्या फोटोले हार नाई घालत आपल्यात."

अशी रीत ना आमच्यात हाय ना कोणाच्यात. आंगणात म्हाताऱ्या होत्या, साऱ्या माह्याकडे पाहू लागल्या, पण एकीनंबी मले खोटं पाडलं नाई. काजलच्या बापानंबी मान हलवली. जया बिचारी हात जोडून म्हणे, मला माहीत नव्हतं, माफ करा. तिचा एक सोबती मागच्यायले इंग्रजीत समजावून सांगू लागला, गावची रीत म्हून. मी तो हार आत नेऊन मोठ्या फोटोले घातला, तिथं एक होताच, त्यावर दुसरा. मंग साऱ्यायले चहा दिला. जाताना जयानं परत मले धरलं. म्हणे, तुमचं हे एकच मागणं मी पूर्ण करू शकले, एवढंच समाधान. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोरीनं घर पालथं घातलं होतं माह्यासाठी. तिच्या वाट्याले पाच घरं होती, पाचही घरात लेकरं, अन् मधात किती वर्षं. तिच्यावर कशाचा राग काढू?

दिवस उतरल्यावर काजलचे बाप बैल बांधाले गेले. मी फ्रेम पदराखाली घेतली अन् नलूच्या चुलीपाशी जाऊन ठेवली. म्हटलं, ही तुई हाय. प्रेरणाचाबी लहानपणचा फोटो तुमच्या घरी नाई, मले माहीत हाय. नलूनं फ्रेम उचलली. लय वेळ पायलं. आपल्याच लेकरावरून हात फिरवला, मंग पदरानं काच पुसली अन् परत माह्या हातात दिली.

"ठेव वं तू," ती म्हणे. "माई तं जिती हाय. मी रोज पायतो तिले."

ती वाईट बोलली नाई. तिच्यासारखी शेजारीण कोणाले भेटत नाई, अन् तिनं आपल्या पोटचा फोटो मले दिला. पण ते आयकून मले तिच्या घरून उठणंच होईना. आतून प्रेरणा हाक मारून राह्यली होती, आई, भाजीत मीठ किती टाकू. नलू "आली वं" म्हणत उठली, अन् मीबी उठली.

घरी आली तं काजलच्या बापानं भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता. कुठं नेला होता, म्हणे. म्हटलं, नलूले दाखवाले. त्यायनं फ्रेम घेतली, खिळ्याले अडकवली, दोन पावलं मागं सरून पायलं, परत जाऊन सरळ केली. मंग माह्या बाजूले येऊन उभे राह्यले. कितीक महिन्यानं माह्या बाजूले उभे राह्यले ते.

"अशीच होती ना वं?" त्यायनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "अशीच होती."