असईची हार सांगणारा वाळूचा पट

मित्रांनो, मी एक जुना वाळूचा पट आहे आणि मी रागावलेलो आहे. पट म्हणजे उंच काठाची मोठी लाकडी पेटी समजा. एक्क्याऐंशी साली भिवा सुताराने मला कडुलिंबाच्या फळ्यांतून घडवले, तेव्हा तो हसतच होता. "सर, एवढ्या लाकडात पलंग झाला असता. तुम्ही वाळू खेळून राह्यले!"

सर म्हणजे मार्तंडराव, जालन्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारे. युद्धशास्त्राचे त्यांना वेड, त्यातही अठराशे तीन साली इंग्रजांशी झालेल्या असईच्या लढाईचे. आपल्याच जिल्ह्यातली लढाई, आणि आपण ती हरलो. का हरलो, हे शोधण्यात त्यांनी उमेदीची वर्षे घातली. ते एस.टी.ने असईजवळच्या भोकरदनला जात, नदीकाठ पायी धुंडाळत आणि येताना तिथल्या केळणा नदीची वाळू आणून माझ्यात ओतत. मग मराठी फौजेच्या निळ्या आणि इंग्रजांच्या तांबड्या सोंगट्या मांडत. आपल्या तोफांनी शत्रूची कशी दाणादाण उडवली, ते सांगताना त्यांचा आवाज चढे. शेवटी ते नदीच्या उताराशी थांबत. पायी ओलांडता येईल अशी ती जागा, आणि तिथे आपला पहारा नव्हता. इंग्रज तिथूनच आले. तास संपताना सर विचारत, "आता इथं कोण उभं राहणार?" मुले धावत येऊन उतारावर बोट ठेवत. त्या बोटांचा मला फार अभिमान वाटे.

सत्त्याण्णव साली कॉलेजात मोठे पाहुणे येणार होते. संस्थेचे सचिव अण्णासाहेब आदल्या दिवशी येऊन म्हणाले, "सर, पाव्हण्यांम्होरं आपण हरलेलो कशाला दाखवून राह्यले? सोंगट्या फिरवा की. बिलकुल कुणाला कळणार न्हाई."

"मला कळेल," सर म्हणाले.

सकाळी अण्णासाहेबांनी शिपायाकडून सोंगट्या फिरवून घेतल्या. इंग्रज नदीत, आपला झेंडा वर! माझ्या अंगाची नुसती आग झाली, पण लाकडाला तोंड कुठले? पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सर पुढे झाले आणि भर सभेत एकेक सोंगटी उचलून मूळ जागी ठेवू लागले. "हे असं झालं होतं," एवढेच बोलले.

पुढच्याच आठवड्यात सरांची कॉलेजातली पटाची खोली काढून घेतली आणि मला नव्या सभागृहाच्या बांधकामावर फेकले. माझ्यात सिमेंट कालवले, मित्रांनो! उतारावर बोट ठेवणारे कितीतरी जण शेजारून गेले. एकानेही हटकले नाही. तो राग अजून गेलेला नाही.

निवृत्त झाल्यावर सरांनी मला हातगाडीवरून जालन्यातल्याच मस्तगड भागात घरी आणले आणि छिन्नीने सिमेंट खरवडले. उताराच्या जागचा थर मात्र निघेना. त्यांच्या पत्नी रजनीबाई म्हणाल्या, "राहू द्या, वाळूखाली कुणाला दिसतंय?" सर तरी खरवडतच राहिले.

दोन हजार तीनमध्ये असईला दोनशे वर्षे झाली, तेव्हा अण्णासाहेब शाल घेऊन दारात हजर! "सर, तुमचा सत्कार ठेवलाय. पटबी आणा बराबर."

सरांनी त्यांचा हात धरला आणि बोट त्या सिमेंटवर टेकवले. "आधी इथं उभे राहा."

अण्णासाहेबांनी हात हिसकावून घेतला. "मंग बघू, जल्दीत हाय," म्हणत ते शाल विसरून निघून गेले. सरांनी ती शाल धूळ बसू नये म्हणून माझ्यावर पांघरली.

मित्रांनो, मला रंग नको, सत्कार तर नकोच. जुन्या वस्तू जपा, पण त्यांनी सांगितलेले खरेही जपा. कुणी सोंगट्या फिरवू लागला तर टाळ्या वाजवू नका. सर आता थकले आहेत आणि उतार अजून मोकळाच आहे. या, बोट ठेवा.