पुंगळी सुटत नाही

दाजींनी काउंटरवर तीन वस्तू ठेवल्या: एकनळी बारा बोअरची बंदूक, तिचा परवाना आणि रुमालात गुंडाळलेल्या, उडवलेल्या काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या.

"ह्याच त्या," ते म्हणाले. "मागल्या वर्षी अडकलेल्या."

हरिहरमामांचे कल्याणात बंदूक दुरुस्तीचे परवानाधारक दुकान आहे. मी रसायनशास्त्रात बीएस्सी केल्यापासून तिथेच काम करते. दाजी घोडबंदर रोडवरच्या एका सराफाच्या दुकानात गनमन आहेत. वडिलांबरोबर खाडीत जाळी टाकायचे, पुढे वडिलांची बंदूक वारशाने त्यांच्या नावावर झाली आणि तिच्यामुळेच ही नोकरी लागली. दरवर्षी त्यांची सुरक्षा एजन्सी सगळ्या गनमनना चाचणीसाठी गोळीबाराच्या रेंजवर नेते. तीस सेकंदांत दोन बार काढायचे. एकनळीत एका वेळी एकच काडतूस बसते, त्यामुळे मध्ये बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर नळी खाली वाकवून, पहिली पुंगळी काढावी लागते. मागच्या वर्षी दाजींची पुंगळी चार मिनिटांनी निघाली, तीही पुढून गज घालून ठोकल्यावर. दुसऱ्या बाराची तीच गत.

"सुपरवायझर काय म्हणाला?" मामांनी विचारले.

"प्रणित? म्हनला, काका, यंदा पण अटकली ना, तर सीधा वॉचमन. डंडा देतो. डंड्यात काय अटकत नाय."

चाचणी रविवारी होती. त्या दिवशी मंगळवार होता.

मी वहीत चार शक्यता लिहिल्या. काडतूस खराब. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे बंदूक मोडल्यावर पुंगळीची कड धरून तिला वर उचलणारा तुकडा, झिजलेला. त्याची स्प्रिंग मेलेली. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा, खडबडीत.

काडतुसे एजन्सीने सगळ्यांना एकाच पेटीतून दिली होती आणि बाकीच्या अकरा जणांची अडकली नव्हती. पहिली शक्यता खोडली. एक्स्ट्रॅक्टरची कड भिंगाखाली सरळ दिसली. डमी काडतूस घालून बंदूक वीस वेळा मोडली. वीसही वेळा डमी छान वर आली. दुसरी, तिसरी खोडली.

"म्हणजे बंदूक चांगली आहे," मामा म्हणाले.

"डमी फुगत नाही, मामा. खरी पुंगळी बार निघताना फुगते आणि चेंबरच्या भिंतीला टेकते. भिंत गुळगुळीत असेल तर परत आवळून सुटते."

"अगं, पण दर वर्षी मीच साफ करतो ही."

"कशी?"

मामांनी गजाला चिंधी बांधली आणि नळीच्या तोंडातून आत घालून दाखवली. चिंधी नळीत घट्ट जात होती. शेवटच्या तीन इंचांत, चेंबरमध्ये, ती सैल झाली, कारण चेंबर नळीपेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटर रुंद असते. मामांनी चष्मा पुसला.

दोन्ही पुंगळ्यांवर बुडापासून सारख्याच अंतरावर एक निस्तेज पट्टा होता. चेंबरमध्ये बॅटरी मारली तर तिथेच एक काळसर कडक थर होता आणि एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत त्याचाच रंग विटकरी होता.

"गंज," मामा म्हणाले.

"खाऱ्या हवेत र्‍हाते ती," दाजी म्हणाले.

गंज असेल तर चेंबरला खड्डे पडलेले असणार आणि रविवारपर्यंत काही होणार नाही, हे तिघांनाही कळत होते. मी खाचेतला थोडा थर सुईने काढला. तो तेलकट होता. गंज तेलकट नसतो. रॉकेलने तेल काढले आणि दाराला टांगलेल्या लिंबू-मिरचीतले लिंबू सोडवले.

"शनिवारचं आहे ते," मामा म्हणाले.

"चालेल."

एक थेंब टाकला. लालाचे पिवळे झाले.

गंज लिंबाने पिवळा होत नाही. हळदीत चुना मिसळून केलेले कुंकू होते; आंबट लागले की ते पुन्हा हळदीसारखे पिवळे होते.

"काका, बंदुकीला कुंकू कोण लावतं?"

"आवडा, माजी बायको. खंडेनवमीला. घरचं कुंकू, खोबरेल तेलात कालवून."

"कुठे लावते?"

दाजींनी बंदूक मोडली आणि उघड्या चेंबरमध्ये बोट घालून गोल फिरवले. "पूजेला बंदूक मोडूनच ठेवतो. रिकामी हाय ते सगल्यांना दिसाया पायजे ना. नियम हाय."

बंदूक दाजींच्या नावावर झाल्यापासूनच्या एकतीस खंडेनवम्या. प्रत्येकीचा थर पुढच्या बाराने भाजून पक्का झालेला, मागच्या वर्षी पुंगळी धरून ठेवण्याइतका जाड.

चेंबरच्या मापाचा ब्रश आणि रॉकेल लावून मी दोन दिवस थर काढला. खाली खड्डे नव्हते. पण दुकानात बार काढता येत नाही, त्यामुळे पुंगळी सुटेल की नाही हे रविवारीच कळणार होते.

शुक्रवारी बंदूक न्यायला दाजींबरोबर आवडाबाईही आल्या. मी त्यांना चित्र काढून दिले: उघड्या चेंबरवर फुली, लाकडी दस्त्यावर बरोबरची खूण.

"जल्ला, लाकडाला लावून काय उपेग?" त्या म्हणाल्या. "बार लाकडातून निंगतो?"

मी मामांकडे पाहिले.

"वहिनी," मामा म्हणाले, "कुंकू आपण कपाळाला लावतो. जेवतो तोंडाने. तोंडात कुणी भरतं का?"

आवडाबाईंनी चित्राची घडी घालून कमरेला खोचले.

रविवारी मी खडवलीजवळच्या रेंजवर गेले. प्रणित हातात मोबाईलचे घड्याळ आणि बगलेत रजिस्टर घेऊन उभा होता.

"काका, घरून गज आणला ना? की मी देऊ?"

दाजींनी काडतूस घातले, दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. बार झाला. बंदूक मोडली. पुंगळी अर्धा सेंटिमीटर वर आली. त्यांनी ती दोन बोटांनी उचलून खिशात टाकली, दुसरे काडतूस घातले. दुसरा बार. दुसरी पुंगळी.

"एकोणीस सेकंद," प्रणित म्हणाला. मग पुढे झाला. "काका! गालाला काय लागलं? खून?"

दाजींचा उजवा गाल कानापर्यंत लाल होता.

"कुकू," ते म्हणाले. "सकाली लावलंन तिनं. वलं व्हतं."

प्रणितने रजिस्टर उघडले, थोडा वेळ दाजींच्या गालाकडे पाहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात 'ओके' एवढेच लिहिले.

दाजींनी दोन्ही पुंगळ्या माझ्या हातात दिल्या. "बघ जरा पोरी."

मी भिंग काढले. निस्तेज पट्टा एकीवरही नव्हता. दुसरीवर दाजींच्या अंगठ्याचा लाल ठसा होता, पण तो बाहेर काढताना लागलेला होता.