कोळशाच्या रेघा आणि कांताची गोळी

मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. आधी माझ्यात खोकल्याचं औषध होतं, आता कांताच्या गोळ्या आहेत. मित्रांनो, काय गमावलं ते कोंडीरामला ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून सांगते.

त्याची बायको कौसल्या तापानं जाऊन तीन आठवडे झाले होते. मला खिशात घालून, नऊ वर्षांच्या लेकीचा, कांताचा, हात धरून तो परळच्या इस्पितळात आला. डॉक्टर मृणालिनीबाईंनी विचारलं, "भिंतीवरच्या खुणा काय सांगतात?"

"कसल्या खुणा, बाई?"

"पोर नीट जेवली, झोपली, की कौसल्या कोळशाची उभी रेघ ओढायची. नाही तर फुली. इथं येऊन मला सगळं सांगायची."

कोंडीरामचा चेहरा उतरला. "भिंतीला मी चुना मारला, बाई. मला वाटलं, पोरीनंच कोळसा फासलाय."

गोळ्या सुरू होण्याआधी कांता कधी एका जागी बसलीच नाही. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रस्त्यावर घोषणा आली की ती अनवाणी मोर्च्यामागे पळे. एकदा थेट दादरला सापडली. शेजारची कमळाबाई म्हणे, "पोर आहे की भिंगरी? बांधून ठेव गं!"

"बांधायला ती शेळी आहे का?" कौसल्या म्हणे.

शेवटी कौसल्येनं तिला मृणालिनीबाईंकडे नेलं. आधी कागदाच्या पुडीतून दुसरीच गोळी आली. कांता बसू लागली, पण झोप उडाली, शाळेतून डबा तसाच परत येऊ लागला. ओळीनं फुल्या पडल्या. मग बाईंनी गोळी बदलली आणि मी आले.

"ही गोळी तरतरी आणते," बाई तेव्हा म्हणाल्या. "अशा मुलांचं मन मात्र तिनं थाऱ्यावर येतं. सगळ्यांना एकच गोळी मानवत नाही, म्हणून लक्ष ठेवायचं."

कोंडीराम हसला होता. "तरतरी? हिला? मग आम्ही झोपायचं कधी?"

पण एका सकाळी कांतानं सूपभर तांदूळ एका बैठकीत निवडले. कौसल्येनं कमळाबाईला हाताला धरून दाखवायला आणलं. मी फळीवरून सगळं पाहिलं.

कौसल्या गेल्यावर कोंडीराम गिरणीतल्या पहाटेच्या पाळीवरून परतला की दुपारी गोळी देई. कांता जागी राही. त्याला वाटे, आईसाठी जागते.

"दुपारी दिलीत?" त्या दिवशी इस्पितळात हे ऐकून बाई म्हणाल्या. "मग झोप गोळीनं गेली की आईच्या दुःखानं, मी कसं ओळखू? महिनाभर सकाळी द्या, भाकरी खाल्ल्यावर. रोज खूण करा. मग ही ठेवायची की बदलायची, ते ठरवू."

बाहेर आल्यावर कांता म्हणाली, "आई सकाळीच द्यायची, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"सकाळी तुम्ही घरात कुठं असता?"

आता कमळाबाई सकाळी भाकरी वाढते, मग गोळी देते आणि दारात पाय पसरून बसते. "पळ बघू आता, भिंगरे!" रात्री पोर झोपली का, ते कोंडीराम स्वतः पाहतो; दुपारी परतल्यावर कमळाबाईला विचारतो, पोर जेवली का. ती सांगते. तो कोळसा उचलतो, भिंतीपाशी जातो, कौसल्येच्या रेघा जिथं चुन्याखाली गेल्या तिथं पाहतो आणि परत फिरतो.

मित्रांनो, माझ्यातली गोळी एकटी काही करत नाही. ती घेणाऱ्यावर कुणीतरी डोळा ठेवावा लागतो आणि पाहिलेलं जपावं लागतं.

कोळसा माझ्या शेजारी फळीवर आहे. आज आठवा दिवस. भिंतीवर अजून ना रेघ, ना फुली.