अंगणातलं मत

सरकारकडे स्वतःची माणसं चार कमी होती. दोन छोट्या पक्षांनी मिळून तीन दिली आणि चौथा होता ताईचा धाकटा भाऊ. तो धरून सरकार एका मताने पुढे होतं. तो नसेल तर बरोबरी, आणि विश्वासाच्या मतदानात बरोबरी झाली की सरकार पडलं, असा तिथला नियम.

भाऊ कुठल्याच पक्षाचा नव्हता. खाणीच्या पट्ट्यातून एकटा उभा राहिला आणि एकटा निवडून आला. खाणीत तो सुरुंग लावायचा म्हणून वस्तीत त्याला सुरुंगच म्हणत. संसदेत त्याचं पहिलं भाषण ऐकलं आणि तिथल्या लोकांनीही तेच नाव धरलं. पाठिंब्यासाठी त्याची अट एकच होती, धुळीचा कायदा. दगडाची धूळ ज्याच्या छातीत बसली त्याला, आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोला, मालकाची चिठ्ठी न मागता निवृत्तिवेतन मिळावं. ताईचा नवरा धुळीनेच गेला होता. अठरा वर्षं ज्या खाणीत राबला, तिचा मालक म्हणाला, हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच.

"पुढच्या अधिवेशनात घेऊ," सरकार म्हणालं. ते अधिवेशन गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. आजचं मरण उद्यावर ढकलत बावीस महिने निघाले. तेवढ्यात सुरुंगाच्या छातीतली धूळ जागी झाली. आधी तो काठी टेकत मतदानाला गेला, मग चाकाच्या खुर्चीतून गेला, मग नाकात नळी घालून गेला.

संसदेच्या मागच्या गल्लीत त्याला तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. त्याचं करायला ताई गावाहून आली. सकाळी डॉक्टर यायचा. प्रतोद, म्हणजे पक्षाची माणसं मतदानाला हाकून आणणारा गृहस्थ, दिवसातून दोनदा यायचा. सरकारने सुरुंगाला तळहाताच्या फोडासारखं जपलं. वर्तमानपत्रात हवामानाच्या शेजारी त्याचा ताप छापून येऊ लागला.

"ताई," तो म्हणायचा, "लहानपणी मी चार दिवस तापलो तरी बाबांना पत्ता नसायचा. आता मी खोकलो की मंत्र्यांची झोप उडते."

"खोक मग जोरात. तेवढ्याने तरी कायदा येईल."

"जोर असता तर भाषणच केलं असतं, वेडे."

त्या संसदेत एक जुनी वहिवाट होती. जो सभासद पायऱ्या चढून आत येऊ शकत नाही, त्याचं मत अंगणात घ्यायचं. मतदानाची घंटा सात मिनिटं वाजते. तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंचा एकेक मोजणीदार खाली येतो. त्या दोघांसमोर सभासदाने आपला हात खांद्याच्या वर उचलायचा. त्याला कुणी शिवायचं नाही. म्हणे, फार पूर्वी एका पक्षाने बेशुद्ध माणसाचा हात दोरीने वर ओढून मत पदरात पाडून घेतलं होतं. तेव्हापासून तो नियम इतका कडक.

म्हणून रोज सकाळी तोंड पुसून झालं की ताई त्याच्याकडून हात उचलण्याचा सराव करून घ्यायची. सुरुवातीला ती नुसती समोर बसायची. पण शेवटच्या तीन आठवड्यांत त्याचा हात छातीशी येऊन थांबू लागला. त्याचं तोंड कडू झालेलं तिला बघवेना. मग ती कोपराखाली तळवा धरायची. तो हात ओल्या गोणीसारखा जड लागायचा. ती तो वर न्यायची आणि म्हणायची, "हा बघ, गेला की."

"तुझ्यामुळे गेला."

"अर्धा तुझा."

"अंगणात अर्धा चालत नाही, ताई."

"अंगणात मी हात लावणार नाही. आता हिंमत सोडू नकोस म्हणून लावते."

मग एके सकाळी बातमी आली की दोन दिवसांनी विश्वासाचं मतदान आहे. पाठोपाठ प्रतोद आला. हातात छापील कार्यक्रमपत्रिका होती. त्याने ती पलंगावर सुरुंगासमोर धरली.

"वाचा. पहिल्या क्रमांकावर विश्वासाचं मतदान. दुसऱ्या क्रमांकावर काय आहे?"

सुरुंगाने दुसरी ओळ दोनदा वाचली. धुळीचा कायदा.

"त्याच दिवशी?"

"त्याच बैठकीत. सरकार राहिलं की लगेच. पुरेशी मतं आहेत, मी स्वतः मोजली आहेत."

"तुम्ही बावीस महिने मोजताय," ताई म्हणाली.

"ताई, आमचाच हात दगडाखाली आहे. या वेळी फसवलं तर कुणाला तोंड दाखवू?"

"तोंडाचं काय, ते तुम्ही आजवर दाखवतच आलात."

सुरुंगाला हसू आलं आणि त्या हसण्याची खोकल्याने वाट लावली. तो शांत झाला तेव्हा डॉक्टर दाराशी उभा होता. तो म्हणाला, "यांना हलवू नये असं माझं मत आहे."

"डॉक्टर, तुमचं मत मोजत नाहीत," सुरुंग म्हणाला. "माझं मोजतात."

ताईने कार्यक्रमपत्रिका घडी घालून उशीखाली ठेवली. वस्तीत तेहतीस घरं अशी होती की ज्यांचा माणूस खोकत होता किंवा खोकून गेला होता. प्रत्येक घरातल्या बाईचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर होता. भावाला जाऊ नकोस म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

मतदानाच्या दिवशी दुपारी रुग्णवाहिका अंगणात उभी राहिली. मागची दारं उघडी होती. ऊन फरशीवरून वर फेकलं जात होतं आणि स्ट्रेचरवरची चादर डोळ्यांना खुपत होती. ताई आत त्याच्या उजव्या अंगाला बसली, रोज बसायची तशीच. तिथे बसू नका, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिलाही सुचलं नाही.

घंटा सुरू झाली. सरकारच्या बाजूने प्रतोद स्वतःच धावत खाली आला. विरोधी बाजूने आले ते मास्तर. चाळीस वर्षं शाळेत शिकवून म्हातारपणी राजकारणात पडलेला हा माणूस. उपाहारगृहात सुरुंगाशी तासन् तास भांडायचे आणि जाताना त्याच्या चहाचे पैसे देऊन जायचे.

"कसा आहेस, सुरुंगा?"

"ओला झालोय, मास्तर. पेट घेत नाही."

"घाई करू नकोस. अजून पाच मिनिटं आहेत."

सुरुंगाने डोळे मिटले. हात चादरीवरून सुटला, पोटावर आला, छातीशी आला. तिथे थांबला. रोज इथेच थांबायचा. आणि रोज इथे जे व्हायचं तेच झालं. ताईचा तळवा उठला आणि त्याच्या कोपराखाली गेला. ती तिथे काय करतेय हे तिच्या मनाला कळायच्या आत तळव्याला कळलं. कोपर हलकं होतं. त्यात काही वजनच नव्हतं. हात आपला आपण वर चालला होता, खांद्याच्या वर, कानाच्याही वर, आणि तिचा तळवा नुसता त्याच्या खाली चिकटून होता.

"झालं! मत झालं!" प्रतोद ओरडला.

मास्तर तिच्या हाताकडे बघत होते. ताईने तो विस्तवावरून काढावा तसा काढून घेतला.

"ताई," मास्तर हळूच म्हणाले, "हे मला धरता येणार नाही."

"मी उचलला नाही हो! मी नुसता लावला. त्याचा त्यानेच उचलला, मला हाताला लागलं ना!"

"तुम्हाला लागलं असेल. मला दिसलं ते मी आत सांगणार." त्यांचा चेहरा उतरला होता. "अजून तीन मिनिटं आहेत. पुन्हा उचलू दे त्याला. मी थांबतो."

ताई खाली उतरली. दहा पावलं लांब जाऊन उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. सुरुंगाने पुन्हा डोळे मिटले. बोटं हलली. मनगट जरा उठलं आणि पडलं. प्रतोद पायऱ्यांशी येरझाऱ्या घालत होता. "उचला! तेहतीस घरांसाठी उचला!" तो आकडा ताईनेच त्याला कधीतरी सांगितला होता. बोटं अजून एकदा हलली. कपाळावरून घाम कानात उतरत होता आणि तो पुसायला ताई जाऊ शकत नव्हती.

घंटा थांबली. मास्तर जिना चढताना मध्येच एकदा कठड्याला धरून उभे राहिले. मग आत गेले.

बरोबरी झाली. सरकार पडलं. बैठक तिथेच संपली आणि दुसरा क्रमांक पुकारलाच गेला नाही.

गरज सरो, वैद्य मरो. दुसऱ्या सकाळी डॉक्टर आला नाही. प्रतोद समोरच्या फुटपाथवरून गेला, पण मान वळवली नाही. आठ दिवसांत खोल्या सोडा असा कागद आला. घरी न्यायला रुग्णवाहिका मिळेना तेव्हा मास्तरांनी कुणाकडून तरी एक बंद गाडी आणली. स्वतः पुढे बसून ते वस्तीपर्यंत आले. उतरताना त्यांनी सुरुंगाचा हात धरला.

"माझं नाव घेऊन शिव्या दे, सुरुंगा. मोकळा होशील."

"तुम्ही खोटं बोलला असता तर दिल्या असत्या," सुरुंग म्हणाला.

सुरुंग गेला की सरकार जाणार, असं सगळा देश म्हणत होता. सरकार गेल्यावर तो चार महिने जगला. निवडणूक झाली, दुसरे आले. धुळीच्या प्रश्नावर समिती नेमू म्हणाले.

वस्तीतल्या बाया बघायला यायच्या. तिथे काय झालं विचारायच्या. तो दर वेळी एकच सांगायचा, "माझाच हात वर गेला नाही." ताई भिंतीला टेकून ऐकायची. बाया गेल्यावर एकदा तिने विचारलं, "पहिल्या वेळी तूच उचलला होतास ना?"

त्याने मान तिच्याकडे वळवली.

"तुला काय लागलं?"

"हलका लागला."

"मग कशाला विचारतेस?" तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "त्यांना सांगू नकोस. तुला इथेच राहायचंय."

त्याला पोचवून आल्यावर बाया तिच्या ओट्यावर बसल्या होत्या. कुणी चहा केला होता. एक म्हणाली, "बिचाऱ्याचा हात तेवढा वर गेला असता तर."

"गेला होता," ताई म्हणाली. "वर गेला होता. मी मधे हात घातला म्हणून धरला नाही."

तिने सगळं सांगितलं, कोपर किती हलकं होतं ते सुद्धा. कुणी तिला शिवी दिली नाही. कुणी असू दे म्हणालं नाही. कोपऱ्यातली एक होती, जिचा नवरा पलीकडच्या घरात खोकत होता आणि इथवर ऐकू येत होता. तिने कप खाली ठेवला, उठली आणि त्याच्याकडे गेली. मग दुसरी उठली.

ताई कप गोळा करायला लागली. त्यातले चार भरलेलेच होते.